काइतूचा मचवा

"दादा, मी मागायला आलोय," बिरिबो म्हणाला.

माझ्या हातात अर्धा खवललेला मासा होता. सुरी तशीच थांबली. बिरिबो माझा नंदावा, माझ्या नवऱ्याच्या, काइतूच्या, धाकट्या बहिणीचा नवरा. त्याचं मागायला येणं काही नवं नव्हतं. तंबाखू, कोंबडा, विजेरी, काइतूचे परदेशी बूट, सगळं या दारातून त्याच्या दारात गेलेलं. पण आज आल्यापासून त्यानं एकही विनोद केला नव्हता. आमच्याकडे मेव्हण्या-मेव्हण्यांनी एकमेकांची टर उडवल्याशिवाय माडीचा घोट घशाखाली उतरत नाही, आणि हा गृहस्थ मांडी घालून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून पाद्रीबाबासारखा बसलेला.

"माग की," काइतू हसला. "बायको सोडून काय हवं ते माग. आणि तीही नेलीस तरी दोन दिवसांत तूच परत आणून सोडशील."

मी सुरी दाखवली. बिरिबो हसला नाही.

"मचवा दे."

काइतूचं हसू विरायला थोडा वेळ लागला.

"जहाज येतंय," बिरिबो म्हणाला. "आमच्या चर्चच्या छपराचे पत्रे आहेत त्यावर. माझ्या हातानं उतरवीन म्हणून मंडळींना शब्द देऊन बसलोय."

"ने," काइतू म्हणाला.

एवढंच. किती दिवसांसाठी, हे त्यानं सांगितलं नाही आणि ह्यानं विचारलं नाही. विचारायची रीतच नाही. आमच्या बेटांवर बुबुसीला, म्हणजे आपल्या माणसानं तोंड उघडून केलेल्या मागण्याला, नाही म्हणणारा अजून जन्माला यायचाय. नाही म्हटलं तर वस्तू राहते, पण गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. आणि मागणाऱ्यालाही एक धाक असतो. आज मी तुझं नेलं, उद्या तू माझं मागशील. त्या धाकावर आमचं सगळं चाललंय.

बिरिबोची पाठ वळल्यावर मी तोंड सोडलं. "अरे, जहाजाच्या दिवशी? त्या दिवशीच तर आपल्याला मचव्याचं काम!"

"संध्याकाळी आणून लावेल."

"आणि नाही लावला तर?"

"तर मी मागेन. त्याला काय नाही म्हणता येणार आहे?" असं म्हणून तो माडाला चढायला गेला. माझ्या नवऱ्याचा स्वभाव हा असा. समोरचा माणूस आपल्याच मापाचा आहे असं धरून चालायचा.

त्या मचव्यात त्याचा जन्म गेला होता, असं म्हटलं तर कुणी हसेल. मचवा तर कालपरवाचा. पण तारावाच्या, म्हणजे आमच्या राजधानीच्या, खलाशी शाळेतून निघून उमेदीची सगळी वर्षं तो परदेशी जहाजांवर राबला ती शेवटी ह्याच एका लाकडी मचव्यात आली. त्यानं जगाच्या मोटारी वाहिल्या, यंत्रं वाहिली, केळी वाहिली. आमचं अख्खं गाव उचलून ठेवतील अशा याऱ्या ज्या धक्क्यांवर होत्या तिथं तो उतरला. आणि स्वतःच्या गावाला धक्का नाही! जहाज येणार, खडपाच्या बाहेर उभं राहणार, भोंगा देणार, आणि आम्ही लहान लहान होड्या घेऊन लाटांतून धावणार. लाट चुकली की तांदळाची पोती खारट. कप्तानाला घाई असली की तो थांबायचाही नाही. मग सुकवलेलं खोबरं पडून पडून किडायचं, आणि दुकानात पीठ नाही, साखर नाही, रॉकेल नाही. मी ओनोतोआ बेटाहून लग्न होऊन इथं आले तेव्हा सासूनं पहिली शिकवण काय दिली असेल? म्हणाली, "पोरी, जहाज दिसलं की आधी दोन मुठी तांदूळ लपव. नंतर पाहुण्यांकडे बघ."

काइतूचा पगार यायचा आणि मागण्यांत जायचा. ताबेरा, त्याची बहीण, आई गेली तेव्हा रांगत होती. तिचं शिक्षण, तिचं लग्न, तिच्या घरावरचे पत्रे, बिरिबोची मोटारसायकल, सगळं त्या पगारातून. मी कुरकुर करायची. भीड भिकेची बहीण, असं त्याला पत्रातसुद्धा ऐकवायची. त्यानं एकदा लिहिलं, "ब्वेना, इथं जहाजावर मला कुणी काहीच मागत नाही. फार एकटं वाटतं गं." यावर काय बोलणार कपाळ!

शेवटच्या फेरीहून मात्र तो शहाणपणा करून आला. पैसे घेऊन आलाच नाही. तारावात उतरून मचवा बांधून घेतला, त्याला नवं इंजिन बसवलं आणि मचव्यातूनच गावात आला. "पैसे आणले असते तर चार दिवसांत वाटून झाले असते," म्हणाला. "हा वाटता येत नाही." गाव किनाऱ्यावर लोटलं. त्या दिवसापासून आमच्या गावात कोरडा तांदूळ यायला लागला. कप्तानाला कळलं की इथं थांबलं तर माल पटकन उतरतो आणि खोबरं पटकन चढतं, तेव्हा तोही थांबायला लागला. शेजारच्या गावचे लोकसुद्धा आपली पोती आमच्याकडे आणू लागले. काइतू सुकाणूशी उभा राहिला की मला त्याचा राग यायचा थांबायचा, आणि मी काही कमी रागीट बाई नाही.

मग तारावाहून बातमी आली. जहाजाची कंपनी आता प्रत्येक गावात माल उतरवायचं काम एकाच माणसाकडे देणार. कायमचं काम, महिन्याचा पगार, इंजिनाचं तेलही कंपनीचं. काइतूनं कचेरीतल्या रेडिओवरून निरोप धाडला, की आमच्याकडे मचवा आहे, माणूस पाठवून बघून घ्या. बेटाच्या कचेरीतला रेडिओ बिरिबोच्या ताब्यात. तोच बोलणार, तोच ऐकणार.

"काही उत्तर?" काइतू दर रविवारी विचारायचा.

"कुठलं आलंय, दादा! तारावावाले ते. त्यांना जेवायला उठवायलासुद्धा माणूस लागतो."

आणि आम्ही हसायचो. मीसुद्धा हसायची, हे आठवलं की अंगाची लाही होते.

जहाजाच्या दिवशी काइतू आमची खोबऱ्याची पोती खांद्यावरून किनाऱ्याला आणत होता. मचवा जहाजाकडून परत येताना दिसला. बिरिबो सुकाणूशी, आणि पुढे एक पोरगेला माणूस, पांढरा सदरा, बूट हातात धरलेले. उतरताना त्याचा पाय घसरला तर बिरिबोनं त्याला जवळजवळ कडेवरच घेतलं. पत्र्यांचा पत्ताच नव्हता. मचव्यात एक पत्रा नव्हता.

"झकास आहे," तो माणूस मचव्यावर थाप मारत म्हणाला. "तुम्ही रेडिओवर सांगितलं होतं त्याहून बरा निघाला. आम्ही मागल्या महिन्यातच कळवलं होतं ना, या फेरीला बघायला येतो म्हणून?"

"हो, हो," बिरिबो म्हणाला. तो वाळूकडे बघत होता.

मागल्या महिन्यात! म्हणजे आम्ही हसत होतो तेव्हा उत्तर ह्याच्या पोटात होतं. ते पोटात ठेवून हा आमच्या घरी आला, मांडी घालून बसला आणि चर्चचं नाव घेऊन मचवा मागून गेला.

"मग काम तुमच्याकडेच देतो," पांढऱ्या सदऱ्याचा माणूस म्हणाला. "मचवा तुमच्या मालकीचा ना?"

बिरिबोनं वर बघितलं, पण त्या माणसाकडे नाही, काइतूकडे. काइतूच्या खांद्यावर पोतं तसंच होतं.

"कुणाचा आहे मचवा?" त्या माणसानं आता गर्दीला विचारलं. त्याला काहीतरी वास आला असावा.

"त्याचाच," काइतू म्हणाला. "मी दिला."

पोतं खाली ठेवून तो दुसरं आणायला वळला.

घरी आल्यावर मी त्याला सोडलं नाही. "तोंड का उघडलंस? गप्प राहिला असतास तरी तो बाबा समजून चुकला असता!"

"खोटं काय बोललो? मी दिला नव्हता का?"

"केसानं गळा कापला रे त्यानं तुझा! तुझ्या पैशानं घर उभं केलं, तुझ्या माडीवर पोसला, आणि तुझाच..."

"हो," तो म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "कापला. मला कळत नाही असं वाटतं का तुला? छातीत असं दुखतंय की खाली बसवत नाही. पण त्यानं लाज सोडली म्हणून मी रीत कशी सोडू? रविवारी मनेआबात सगळे बसतील. तिथं उठून मी मचवा परत मागेन. सगळ्यांसमोर. त्याला द्यावाच लागेल."

ते ऐकून माझा जीव भांड्यात पडला. खरंच, इतकं सोपं होतं ते. जो हात मागून नेतो, त्याला मागितल्यावर सोडावंच लागतं.

गावालाही ते ठाऊक होतं. मनेआबा म्हणजे आमच्या सभेचं मोठं छप्पर, तिथं गावातल्या प्रत्येक घराची बसायची जागा ठरलेली, आणि बोललेला शब्द मागे फिरत नाही. शनिवारभर बायका पाण्याला जाता-येता माझ्याकडे बघून भुवया उडवत होत्या. म्हातारा ताकुइया, सभेत सगळ्यांत वडील, काठी टेकत आमच्या घरावरून गेला आणि काइतूला म्हणाला, "मी उद्या पुढेच बसतो रे. कान गेलेत माझे, पण बिरिबोचं तोंड बघायला डोळे आहेत."

"या आजोबा," मीच म्हणाले. "चांगलं दिसेल असं बसा."

रविवारी सकाळी काइतूनं दाढी केली. केसांना तेल लावलं. मी त्याची चांगली लुंगी काढून ठेवली. बऱ्याच दिवसांनी मी गाणं गुणगुणत होते, आणि त्यावरून तो मला चिडवतही होता.

तेवढ्यात ताबेरा आली.

ती वर येऊन बसली नाही. खाली वाळूतच बसली, भावाच्या पायांपाशी. हातात उकडलेल्या निरफणसाची टोपली होती, ती तिनं पुढे सरकवली. मी म्हटलं, आली माफी मागायला. मनातल्या मनात मी तिला जरा ताणायचं ठरवलं होतं. मग माफ करणार होते. माझीच पोर असल्यासारखी वाढली होती ती.

"दादा," ती म्हणाली, "मी मागायला आलेय."

काइतू तेलाचा हात पुसत होता. तो थांबला.

"तू आज मागू नकोस. आज नाही, कधीच नाही. मचवा परत मागू नकोस. हे माझं मागणं आहे."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं तशी मी ओरडले. "अगं भवाने, हे मागणं झालं? मागू नकोस हेच कुणी मागतं का?"

"वहिनी, तुम्ही मध्ये पडू नका. तुम्ही ओनोतोआच्या. हे भावाबहिणीतलं आहे."

"आता मी ओनोतोआची? तुझ्या लग्नात तुझी चटई कुणी विणली तेव्हा?"

तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. भरभर बोलत राहिली, पाठ करून आल्यासारखी. कचेरीत आता मोबाइलचा मनोरा येतोय, रेडिओ बंद होणार, बिरिबोची नोकरी जाणार. पोरं लहान आहेत. काम मिळालंय ते हातचं गेलं तर तो तारावाला निघून जाईल, आणि तारावाला गेलेला नवरा परत येत नाही. मनेआबात सगळ्यांसमोर मचवा द्यावा लागला तर तो तोंड कुठं घालेल? "तुझं काय, दादा, तू जग बघून आलास. तुझ्याकडे सगळं होतं. आमच्याकडे कधीच काही नव्हतं, तू दिलेलं सोडून."

काइतू तिच्याकडे बघत होता. मला वाटलं आता तो ओरडेल. आयुष्यात एकदा तरी ओरडेल.

"हे तुझं मागणं की त्याचं?" त्यानं विचारलं.

"माझं."

"आणि रेडिओवर उत्तर आलं होतं, ते तुला माहीत होतं?"

ताबेरा वाळूत बोट फिरवत राहिली.

"ताबेरा, मी विचारतोय."

"होतं," ती म्हणाली.

खोटं बोलली असती तर काय बिघडलं असतं मेलीचं? मी आजही तेच म्हणते. उत्तर येऊन गेल्यावर एका रात्री आमच्याकडे जेवली होती ती, माझ्या ताटात माझ्याबरोबर, आणि काइतू तिला सांगत होता की काम मिळू दे, तुझा थोरला जरा वाढला की त्याला मचव्यावर घेईन. तिनं मान डोलावली होती. आणखी थोडा मासा मागून घेतला होता.

काइतूनं टोपली उचलून माझ्याकडे दिली. मागणाऱ्यानं आणलेलं घेतलं, म्हणजे मागणं मान्य.

"दिलं," तो म्हणाला. "जा आता."

ती रडायला लागली. रडत रडत त्याचे पाय धरायला वाकली तर त्यानं पाय मागे घेतले. ती गेल्यावर मी ती टोपली डुकरांपुढे ओतली. वाटेल ते बोलले. त्याच्या आईला, बापाला, ह्या बेटाला, ह्या रीतीला, सगळ्यांना शिव्या घातल्या. "तुला रीत आहे, तिला रीत आहे, मग माझ्या वाटणीला काय? मी उठते मनेआबात. मी मागते!"

"तू मागितलंस म्हणजे मीच मागितलं," तो म्हणाला. "नको, ब्वेना. माझं एवढं तरी राहू दे."

मनेआबात म्हाताऱ्या मंडळींनी तांदळाचं, शाळेच्या कुंपणाचं, कुणाच्या तरी डुकराचं बोलून घेतलं. मग ताकुइयानं घसा खाकरला आणि आमच्या जागेकडे वळून म्हणाला, "काइतू, तुझं काही आहे म्हणे. बोल बाबा. आम्ही ऐकतोय."

बिरिबो समोरच्या खांबाशी बसला होता. घामानं त्याचा सदरा छातीला चिकटला होता. मी काइतूच्या मागे बसले होते. त्याचे मोठे, दोरखंडांनी घासलेले तळवे मांडीवर पालथे पडले होते.

"माझं काही मागणं नाही," काइतू म्हणाला.

ताकुइयाला ऐकू आलं नाही. त्यानं कान पुढे केला, आणि काइतूला ते दुसऱ्यांदा, मोठ्यानं म्हणावं लागलं. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. कुणीतरी हळूच म्हणालं, मग त्यानंच विकला असेल. दुसरा म्हणाला, वाटा मिळत असेल त्यालाही. माझ्या नवऱ्याच्या नावाला तेवढा डाग बाकी होता, तोही लागला.

पुढचं जहाज आलं तेव्हा समुद्र खवळलेला होता. किनाऱ्यावर पोत्यांची रांग लागली होती. काइतूनं आमची पोती आणून रांगेच्या शेवटी लावली. बिरिबोनं ते बघितलं. तो मचव्यातून उतरून गुडघाभर पाण्यातून आमच्याकडे आला. अंगावर कंपनीचं नवं जाकीट, तोंडावर तीच जुनी लाघवी.

"दादा, हे काय, मागे कशाला? तुझी आधी चढवतो. आणि सुकाणूला तूच ये ना. तुझ्या हाताखाली राहीन मी. मचवा काय, तुझाच आहे."

"माझा नाही," काइतू म्हणाला. "तुला दिलाय."

"असं तोडून नको ना बोलू. लोक बघतायत."

"मग जा. जहाज थांबत नाही."

बिरिबो गेला. मचवा भरून गेला, आला, पुन्हा भरून गेला. काइतू कमरेभर पाण्यात उभा राहून दुसऱ्यांची पोती वर देत होता, गावातल्या इतर गड्यांबरोबर, रांगेतला एक होऊन. आमची पाळी यायच्या आत जहाजानं भोंगा दिला. वारा वाढला होता, कप्तानानं नांगर उचलला. आमच्या पोत्यांना मचवा मिळाला नाही. पुढचं जहाज कधी येईल, देव जाणे. तोवर खोबरं किडणार, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

मी काही बोलले नाही. माझ्यासारखी बाई बोलली नाही, यावरून काय ते समजा.

पावसाचं वारं सुटलं होतं म्हणून काइतूनं ताडपत्री आणली. पोत्यांवर पसरायला लागला तर वाऱ्यानं ती फडफडून उलटू लागली. ताबेरा किनाऱ्यावरच होती, माणसं पांगली तरी घुटमळत. ती धावत आली आणि ताडपत्रीचं दुसरं टोक तिनं घट्ट धरलं. लहानपणापासून भावाबरोबर शीड बांधलेली पोर ती, न सांगता तिला कुठं धरायचं ते कळत होतं.

काइतू थांबला. ताडपत्री सोडून तो पोत्यांना वळसा घालून तिच्याकडे गेला, आणि तिची बोटं एक एक सोडवून त्यानं ते टोक तिच्या हातातून काढून घेतलं. जोर लावला नाही. तिच्याकडे बघितलंही नाही.

"ब्वेना," तो म्हणाला, "तू धर."

मी धरलं.